श्रुतींचे मोजमाप : कृष्णाजी बल्लाळ देवल यांचा प्रयोग

सप्तकात स्वर सात आणि श्रुती बावीस, हे वाक्य संगीताच्या पहिल्या पाठातच विद्यार्थ्याच्या कानावर पडते. पुढे तो विद्यार्थी गायक होतो, मैफली गाजवतो, शिष्य तयार करतो. परंतु या बावीस श्रुती नेमक्या कोणत्या, त्यांच्यामधील अंतर किती, आणि त्या खरोखर गळ्यातून निघतात की ग्रंथातच राहतात, असे कोणी विचारले तर तो बहुधा गुरूकडे बोट दाखवतो. गुरू ग्रंथाचा हवाला देतो आणि ग्रंथकार पूर्वाचार्यांचा. कित्येक शतके हा प्रश्न असा एका दारातून दुसऱ्या दारी जात राहिला. त्याला तारेवर आणून उभे करण्याचा एक नेटाचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रात झाला. तो करणारे गृहस्थ पेशाने गवई नव्हते आणि प्राध्यापकही नव्हते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. त्यांनी १९१० साली हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती या विषयावर एक छोटे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाने उठवलेला वाद पुढे अर्धशतकाहून अधिक काळ धुमसत राहिला.

देवलांच्या प्रयत्नाचे मोल कळण्यासाठी मूळ प्रश्न आधी समजून घेतला पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्रात श्रुतींचे जे विवेचन आहे ते नुसते विधान नाही, त्यात एक प्रयोग सांगितला आहे. दोन वीणा घ्याव्यात आणि त्या षड्जग्रामात अगदी एकसारख्या मिळवाव्यात. एक वीणा अचल ठेवावी आणि दुसरीचे सर्व स्वर चार टप्प्यांनी उतरवीत न्यावेत. पहिल्या टप्प्यात प्रत्येक स्वर एक श्रुती खाली येतो आणि अचल वीणेच्या कोणत्याच स्वराशी जुळत नाही. दुसऱ्या टप्प्यात चल वीणेचे गंधार आणि निषाद हे अचल वीणेच्या ऋषभ आणि धैवत यांच्याशी मिळून जातात. म्हणून गंधार व निषाद दोन-दोन श्रुतींचे. तिसऱ्या टप्प्यात ऋषभ व धैवत हे षड्ज व पंचमाशी मिळतात. म्हणून ते तीन-तीन श्रुतींचे. चौथ्या टप्प्यात षड्ज, मध्यम व पंचम हे आपापल्या खालच्या स्वरात विलीन होतात; म्हणून ते चार-चार श्रुतींचे. या सर्वांची बेरीज बावीस. दोन वाद्ये, चार कृती आणि कानाने घ्यावयाचा निर्णय, एवढ्यावर उभा राहिलेला हा प्रयोग मानवी बुद्धीच्या सुंदर रचनांपैकी एक आहे. परंतु पहिल्या टप्प्यात स्वर किती उतरवावयाचा, म्हणजे एक श्रुती म्हणजे किती, हे भरताने आकड्यांत सांगितले नाही. त्याच्या काळच्या वादकाला ते सांगण्याची गरज नव्हती. नंतरच्या पिढ्यांना ती भासू लागली.

तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने आपल्या संगीतरत्नाकरात हाच विषय घेतला. हा शार्ङ्गदेव देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी हिशेबखात्याचा प्रमुख अधिकारी होता. त्याने बावीस तारांच्या दोन वीणा कल्पिल्या आणि आवाजाची उत्पत्ती शरीरात कशी होते हेही सांगितले. त्याच्या मते मंद्र नाद हृदयात, मध्य नाद कंठात आणि तार नाद मस्तकात प्रकट होतो. प्रत्येक वरचा नाद खालच्याच्या दुप्पट. हृदयाच्या ठिकाणी बावीस तिरप्या नाड्या असून वायूच्या आघाताने त्यांतून चढत्या क्रमाने बावीस श्रुती उमटतात, असे त्याने लिहिले. यातील दुपटीचा नियम आजही खरा आहे. नाड्या मात्र शरीरशास्त्राला कोठे सापडल्या नाहीत. पण आवाज ही शरीराची क्रिया आहे आणि श्रुतीचे कारण शरीरातच शोधले पाहिजे, ही दिशा त्यात स्पष्ट दिसते.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात आणखी एक पाऊल पडले. सतराव्या शतकात संगीतपारिजातकार अहोबल आणि गढा-मंडल्याचा हृदयनारायण यांनी स्वरांची स्थाने वीणेच्या तारेच्या लांबीवरून सांगितली. पूर्ण तारेच्या मध्यावर तार षड्ज, अशा रीतीने एकेक स्वर तारेवर जागा घेऊ लागला. तारेची लांबी आणि स्वराची उंची यांचे प्रमाण व्यस्त असते, हा नियम वापरला की अशा वर्णनातून आंदोलनांची संख्या काढता येते. परंतु या ग्रंथकारांनी प्रचलित स्वर तेवढे तारेवर बसविले. बावीस श्रुती होत्या तेथेच राहिल्या.

इकडे ही स्थिती असता युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आवाजाचे शास्त्र वेगाने पुढे जात होते. १८५४ साली मान्वेल गार्सिया नावाच्या एका गायनशिक्षकाने लहानशा आरशाच्या साहाय्याने स्वतःच्याच घशात डोकावून स्वरतंतूंची हालचाल पाहिली. १८६३ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचा स्वरसंवेदनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि एकाच स्वराच्या पोटात अनेक उपस्वर कसे दडलेले असतात, काही स्वरजोड्या कानाला गोड का लागतात, याची उपपत्ती मिळाली. त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८७५ साली अलेक्झांडर एलिस याने केले. एलिस हा मुळात उच्चारशास्त्राचा अभ्यासक. इंग्रजी भाषेच्या प्राचीन उच्चारांवर त्याने मोठे काम केले होते. बोलणाऱ्याच्या उच्चारातील सूक्ष्म फरक टिपण्याची सवय झालेल्या या माणसाने पुढे निरनिराळ्या देशांची वाद्ये मोजली, सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग पाडून त्यांना ‘सेंट’ हे नाव दिले, आणि १८८५ साली असा निष्कर्ष मांडला की जगात स्वरसप्तक एकच नाही, ती नाना प्रकारची आहेत आणि माणसांनी घडविलेली आहेत. भाषेचा उच्चार आणि गाण्याचा स्वर यांचा अभ्यास एकाच अभ्यासकाच्या हातून व्हावा हा योगायोग नव्हे; दोहोंचे मूळ एकाच कंठात आहे.

या पार्श्वभूमीवर सांगलीच्या देवलांचा उद्योग पाहिला पाहिजे. मुलकी खात्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला एक गोष्ट अनुभवाने माहीत असते : बांधाचा तंटा दोन्ही बाजूंच्या जबान्यांवर सुटत नाही, जागेवर जाऊन साखळी टाकावी लागते. श्रुतींच्या तंट्यात संस्कृत वचनांच्या जबान्या पुष्कळ झाल्या होत्या. मोजणी झाली नव्हती. ती करावयाची तर जमीन कोणती? देवलांनी उत्तर दिले, उत्तम गवयाचा गळा. सांगलीपासून काही मैलांवर असलेल्या मिरजेचे सतारमेकर उत्तम तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध होते, आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचा संबंधही त्या गावाशी जुळला होता. ज्यांच्या सुरेलपणाविषयी स्नेही व टीकाकार यांच्यात मतभेद नव्हता असे ते गायक. देवलांना याहून चांगला साक्षीदार मिळणे शक्य नव्हते.

प्रयोगाची रीत साधी होती. लाकडी पेटीवर ताणलेली तार, तिच्याखाली सरकणारी घोडी आणि लांबी मोजण्याची सोय, एवढे साहित्य. गवयाने स्वर लावावयाचा, घोडी सरकवून तार त्या स्वराशी एकजीव करावयाची आणि तारेची लांबी टिपून घ्यावयाची. समजा, मोकळी तार ३६ इंच आहे आणि ती षड्ज देते. मग मध्यम २७ इंचांवर, पंचम २४ इंचांवर आणि तार षड्ज १८ इंचांवर लागतो. गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधाराशी जुळवला तर तो २८.८ इंचांवर येतो. ऋषभाच्या बाबतीत मात्र दोन जागा संभवतात : एक ३२ इंचांवर, दुसरी ३२.४ इंचांवर. फरक अर्ध्या इंचाहून कमी. परंतु सुरेल कानाला तो कळतो आणि रागाच्या रूपात तो जाणवतो, असा देवलांचा आग्रह होता.

हाच हिशेब आंदोलनांच्या भाषेत मांडला तर अधिक स्पष्ट होईल. षड्जाची आंदोलने सेकंदाला २४० धरली तर पंचम ३६० आणि तार षड्ज ४८०. धैवत एका रीतीने ४०० येतो, दुसऱ्या रीतीने ४०५. या दोन धैवतांतील प्रमाण ८१/८० आहे, आणि एलिसच्या मापाने ते सुमारे साडेएकवीस सेंट भरते. भरताने पहिल्या टप्प्यात जो स्वर उतरविला तो एवढाच, ही प्रमाणश्रुती, असा या गणिताचा निष्कर्ष. मग चार श्रुतींचे अंतर ९/८, तीन श्रुतींचे १०/९ आणि दोन श्रुतींचे १६/१५ असे धरले, तर तीन चतुःश्रुतिक, दोन त्रिश्रुतिक आणि दोन द्विश्रुतिक अंतरे एकत्र गुणून बरोबर २, म्हणजे पूर्ण सप्तक, मिळते. हा मेळ पाहून कोणाचेही मन मोहून जावे. भरताची वीणा, हेल्महोल्ट्झचे गणित आणि खाँसाहेबांचा गळा, तिघेही एकच साक्ष देत आहेत असे देवलांना वाटले तर नवल नाही. श्रुती मात्र त्यामुळे सारख्या राहिल्या नाहीत. काही लहान, काही मोठ्या ठरल्या.

देवलांना एक समानधर्मी इंग्रज अधिकारी मिळाले. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे सनदी नोकरीतील जिल्हा न्यायाधीश. त्यांनी १९१३ साली भारतीय संगीताच्या अभ्यासावर ग्रंथ लिहून देवलांचा विचार इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचविला. फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेच्या द्वारे दोघांचे कार्य चालले. त्यातूनच श्रुतिपेटी निर्माण झाली. प्रचलित पेटी, म्हणजे हार्मोनियम, हिचे बारा सूर पाश्चात्त्य पद्धतीने समान अंतरावर बसविलेले असतात. षड्ज २४० असता तिचा गंधार ३००च्या ऐवजी सुमारे ३०२.४ आणि निषाद ४५०च्या ऐवजी सुमारे ४५३ बोलतो. तंबोऱ्याच्या संगतीत हे सूर टोचतात. यावर उपाय म्हणून बावीस श्रुती वाजविता येतील अशी पेटी इंग्लंडात करवून घेण्यात आली.

या पेटीची कसोटी लागली ती बडोद्यास. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचे सूत्रधार विष्णु नारायण भातखंडे होते. श्रुतींचा प्रश्न तेथे निघाला, पेटीवर वाद झाला आणि तिला परिषदेची मान्यता मिळाली नाही. भातखंड्यांचा दृष्टिकोनच निराळा होता. भरत व शार्ङ्गदेव यांना श्रुती समान अभिप्रेत होत्या, असे त्यांचे वाचन होते. आणि प्राचीनांचे संगीत आज गायले जात नसल्यामुळे त्यांच्या श्रुती आजच्या गळ्यावर लादणे व्यर्थ आहे, असे त्यांचे मत होते. बारा स्वर मानावेत, त्यांवर दहा थाट उभारावेत, राग गवयांकडून मिळवून लिहून ठेवावेत, ही त्यांची व्यवहारी पद्धत होती. एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर, एक न्यायाधीश आणि एक वकील यांच्यामध्ये भारतीय स्वराचा हा दावा चालावा, हा त्या काळचा विशेष म्हणावा लागेल. ज्यांच्या गळ्यावर दावा होता ते गवई बहुतेक साक्षीदारांच्या पिंजऱ्यातच उभे राहिले.

देवलांच्या रीतीवर घेता येण्याजोगा खरा आक्षेप आणखी खोल होता. तार गळ्याशी जुळली की नाही, हे शेवटी कोणी ठरविले? ऐकणाऱ्याच्या कानाने. आणि त्या ऐकणाऱ्याला ९/८, ५/४, ३/२ ही सुबक प्रमाणे आधीच ठाऊक होती. घोडी कोठे थांबावी हे ज्याला आधीच माहीत आहे, त्याचा हात तेथेच थांबण्याचा संभव असतो. शिवाय मोजण्यासाठी गवयाने एकच स्वर स्थिर धरून ठेवावयाचा. पण गाताना असा एकाकी, स्तब्ध स्वर क्वचितच असतो. दरबारीतील कोमल गंधार आंदोलनावाचून दरबारीचा राहत नाही. जे हलते तेच ज्याचे स्वरूप, त्याला थांबवून मोजले तर मोजले काय?

तरीही या वादाचा परिणाम पुस्तकांपुरता राहिला नाही. समान अंतराच्या पेटीचा सूर आपल्या गाण्याला मारक आहे, हे मत देशभर बळावत गेले, आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या केंद्रांवर बंदी केली. ती १९७१ पर्यंत टिकली. या तीस वर्षांत कित्येक पेटीवादकांच्या चरितार्थावर त्या बंदीचा आघात झाला. २.४ आंदोलनांचा फरक हा केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय नसतो. त्यावर माणसांची पोटे चालतात किंवा चालत नाहीत, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

भातखंड्यांची परंपरा त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी पुढे नेली, आणि ती त्यांच्याबरोबर छत्तीसगडात पोहोचली. १९५६ साली खैरागडच्या राजघराण्याने आपला राजवाडा देऊन तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन केले. त्याच्या प्रारंभीच्या वर्षांत रातंजनकर तेथे कुलगुरू होते. खैरागड तेव्हा दुर्ग जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्यात, त्याच वर्षांत, भिलाई येथे सोव्हिएत सहकार्याने पोलादाचा कारखाना उभा राहत होता. त्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. एकाच जिल्ह्यात दोन प्रकारची मापे नांदू लागली. भट्टीतील रसाची उष्णता डोळ्याच्या अदमासावर सोडता येत नाही. तेथे यंत्राचा आकडा प्रमाण, आणि कारागिराने आपला अदमास त्याच्याशी जुळवून घ्यावयाचा. गाण्याच्या वर्गात उलट. तेथे गुरूचा कान प्रमाण, आणि आकडा कितीही नेमका असला तरी तो कानाच्या निर्णयाचे नंतर केलेले टिपण असतो. देवलांची अडचण नेमकी येथे होती. त्यांनी कानाच्या क्षेत्रात भट्टीचे माप आणले, आणि माप आणल्यावर त्याने हुकूमही करावा अशी अपेक्षा धरली.

पुढे साधने सुधारली तसा हा प्रश्न नव्याने तपासला गेला. १९६३ साली जयराजभॉय आणि स्टोन या अभ्यासकांनी लंडनहून प्रसिद्ध केलेल्या संशोधनात उत्तर हिंदुस्थानी कलावंतांचे स्वर यंत्राने मोजले. एकच स्वर निरनिराळे कलावंत निरनिराळ्या उंचीवर लावतात, इतकेच नव्हे तर एकच कलावंत एकाच गायनात तो कमीअधिक लावतो, असे त्यांना आढळले. बी. चैतन्य देव यांनी तंबोरा, स्वर आणि मानवी श्रवण यांचा अभ्यास करून १९६७ साली संगीत आणि वाणी या दोहोंच्या श्रवणशास्त्रावर एकत्र ग्रंथ लिहिला. १९८२ साली मार्क लेव्ही यांचे स्वरस्थानांवरील पुस्तक आले. श्रुतींच्या ठराविक आकड्यांना प्रत्यक्ष गायनवादनात आधार मिळत नाही, असाच त्याचाही निष्कर्ष होता. त्याच दशकात मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेत बर्नार्ड बेल यांच्या यंत्रावर गायनाच्या सलग रेषा काढण्यात आल्या. स्वर तेथे बिंदूंच्या रूपाने नव्हे, तर चढउतार करणाऱ्या वळणांच्या रूपाने दिसला.

असे का व्हावे, याचे कारण कंठाच्या रचनेत आहे. तारेची लांबी एकदा ठरविली की तिचा स्वर ठरतो. स्वरतंतूंचे तसे नाही. त्यांची लांबी, ताण आणि जाडी स्नायूंच्या क्रियेने क्षणोक्षणी बदलते. खालून येणाऱ्या श्वासाचा दाबही स्वर वरखाली करतो. गायक हे सर्व आकड्यांनी सांभाळीत नाही, स्वतःचा आवाज ऐकत ऐकत सांभाळतो. म्हणून उत्तम गवयाचा सुरेलपणा म्हणजे एका ठराविक संख्येवर अचल राहणे नव्हे. तंबोऱ्याशी आणि रागाशी असलेले नाते अखंड राखणे होय. शार्ङ्गदेवाच्या नाड्या खऱ्या नव्हत्या, पण श्रुतीचे रहस्य शरीरात आहे हे त्याचे म्हणणे या अर्थाने खरे ठरले.

मग देवलांचे सारे श्रम वाया गेले काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचे आकडे गवयाच्या गळ्याचे अंतिम सत्य ठरले नाहीत. परंतु ज्या यंत्रांनी ते आकडे मागे सारले, ती यंत्रे त्यांच्याच प्रश्नाला उत्तर शोधीत होती. शुद्ध प्रमाणांच्या सुरांचा त्यांनी धरलेला आग्रहही टिकून आहे. एकविसाव्या शतकात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा सिद्ध केली, ती याच ओढीने. देवलांच्या आधी श्रुतींविषयीचा वाद वचन विरुद्ध वचन असा होता. त्यांच्यानंतर कोणालाही नुसते वचन पुरेसे वाटेनासे झाले. गळा काय म्हणतो हे विचारणे भाग पडले. निवृत्तीनंतरच्या निवांत वेळात एका मुलकी अधिकाऱ्याने सांगलीत एक तार ताणली आणि थोर गवयाला तिच्यासमोर स्वर लावावयास सांगितले. त्या मोजणीत चूक राहिली असेल. पण तंटा मोजणीनेच सोडवावयाचा, आणि मोजणीसाठी जागेवरच गेले पाहिजे, हा त्यांनी घालून दिलेला पाठ आवाजाच्या अभ्यासकाला आजही उपयोगी पडतो.